मागाच्या मोडीतला सहा इंची व्हाइस

साधे माग मोडीत निघाले की सगळ्यांचं लक्ष मागांकडेच असतं. काट्यावर किती टन भरले, बीड म्हणजे ओतीव लोखंड किती, पोलाद किती, मोटारी वेगळ्या विकल्या की मागाबरोबरच गेल्या, एवढीच चर्चा होते. कोपऱ्यातलं जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं टेबल, त्यावरचा व्हाइस, म्हणजे काम दोन जबड्यांत घट्ट धरणारा शिकंजा, ड्रॉवरमधल्या कानशी हे सगळं त्याच ट्रॉलीत पडतं आणि त्याच भावानं जातं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग चालवला. पुढं माग वाढत गेले तसे जॉबर वाढले, आणि जिथं जॉबर तिथं व्हाइस हा असायचाच. आता रेपिअर आणि एअरजेट हे नवे वेगवान माग आले आणि साधे माग कमी होत चालले. त्यामुळं आमच्या भागातल्या भंगाराच्या वखारींत सध्या जेवढे जुने व्हाइस दिसतात, तेवढे मी आधी कधी पाहिले नव्हते. त्यातले बरेचसे पुन्हा कामाला लागण्यासारखे असतात. ते भट्टीत वितळून जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी फिटर. आयटीआय करून काही वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी केली, मग घराशेजारी पत्र्याचं शेड मारून एक लेथ टाकली. मागाचे शाफ्ट, टॅपेट, क्रँक, हल्ली पंपाचे आणि उसाच्या रसाच्या चरकाचे भागही दुरुस्तीला येतात. वडील, म्हणजे अण्णा, जन्मभर जॉबर होते. आता काम करत नाहीत, पण शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि कानशीचा आवाज बदलला की मान वर करून बघतात.

हा व्हाइस वखारीत मागाच्या फ्रेमांच्या ढिगाखाली होता. वर फक्त हँडलचं टोक दिसत होतं. वखारवाल्या चाचांना म्हटलं, जरा बाहेर काढून बघू का. ते म्हणाले, "बघा की. जाम हाय पण. दोघांनी हँडलवर लटकून बघितलं, हलत न्हाई. बीड म्हणूनच काट्यावर टाकतो, घेणार असशीला तर तुमास्नी त्याच भावात."

जाम असलेल्या व्हाइसला घाबरू नये. स्क्रू गंजून अडकणं हा त्यातला सगळ्यात सोपा आजार. मी आधी बघतो ते बीड. बीड वाकत नाही, तुटतं. त्यात कर्ब दोन ते चार टक्के असतो आणि त्यातला मोठा भाग ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. त्यामुळं दाब ते भरपूर सोसतं, हादरे गिळून टाकतं, पण ताण आला की त्या पापुद्र्यांच्या कडेनं तडा सुरू होतो. व्हाइसमध्ये असा ताण येतो तो जबड्याच्या मानेत, म्हणजे उभा जबडा आणि आडवी सरक (सरकत्या जबड्याचा आडवा दांडा) जिथं मिळतात त्या कोनात. तिथली माती-तेलाची खपली स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून, नखानं चाचपून बघावी. मग अंग दोरीला टांगून छोट्या हातोडीनं टकटक करावं. सलग तुकडा असेल तर आवाज घुमतो, तडा असेल तर बसका येतो. वखारीत टांगायला सोय नव्हती, म्हणून दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवून वाजवला. मानेत काही नव्हतं. मागच्या डाव्या कानाला मात्र, जिथून टेबलाचा बोल्ट जातो, भोकापासून कडेपर्यंत तडा होता. टेबल असमान असताना बोल्ट जोर लावून आवळला की कान असाच जातो. ते दुरुस्त होण्यासारखं होतं. मानेत तडा असता तर मी तो तिथंच सोडला असता, नाव कितीही मोठं असतं तरी.

नाव होतंच. रंगाच्या आणि गंजाच्या थराखाली बोटाला अक्षरं लागत होती. घरी आणून ब्रश मारल्यावर 'रेकॉर्ड' आणि 'मेड इन इंग्लंड' वाचता आलं, आणि खोबणीत निळ्या रंगाचा माग दिसला. शेफील्डच्या या व्हाइसचा निळा रंग जुने फिटर लांबून ओळखतात. कधी आणि कुणी आणला असेल हे सांगायला त्या कारखान्यातलं आता कुणी नाही.

नवा घेता आला नसता का? आला असता. जालंधर-लुधियानाकडचे चांगले व्हाइस कोल्हापुरात मिळतात, आणि एस.जी. आयर्न या चिवट बीडाचे तर चिवटपणात या जुन्या बीडाला मागं टाकतात, कारण त्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असतं. पण तसा सहा इंची घ्यायचा तर माझ्यासारख्याला दोनदा विचार करावा लागतो. आणि स्वस्तातल्या सहा इंचीचं ओतकाम इतकं पातळ असतं की कानस जोरात चालवली की अख्खं टेबल नाही, तो व्हाइसच थरथरतो. कानशीखाली थरथर आली की पृष्ठभागावर लाटा उमटतात, धार लवकर मरते, हात दुखतो तो वेगळाच. वजन हा व्हाइसचा गुण आहे. हा तीस किलोच्या आसपास भरला आणि त्यातला प्रत्येक किलो कामाचा आहे.

स्क्रू सोडवायला घाई केली नाही. उभा करून मागच्या बाजूनं डिझेल आणि थोडं ऑइल यांचं मिश्रण आट्यांवर सोडत राहिलो, रोज सकाळी शेड उघडली की आणि संध्याकाळी बंद करताना. अधूनमधून स्क्रूच्या डोक्यावर पितळी हातोडीनं हलके ठोके. ठोक्यांनी गंजाची खपली भेगाळते आणि तेल आत शिरतं. दणके मारून उपयोग नसतो, ते बीडाला बसतात. मग नटाच्या बाहेरच्या अंगाला ब्लोलँपनं सावकाश ऊब दिली. नट तापून किंचित फुगतो, आतला स्क्रू अजून गार असतो, तेवढ्या वेळात प्रयत्न करायचा.

मी हँडलला हात घालून सोडायच्या दिशेनं जोर लावणार तेवढ्यात अण्णा खुर्चीतून म्हणाले, "सोडू नकोस. आधी आवळ."

"आवळू? आधीच जाम आहे की, अण्णा."

"जाम हाय म्हणूनच. जरासा आवळ, मग सोड. परत आवळ, परत सोड. गंज एकाच बाजूला दाबत गेलास तर पाचर बसतीया."

तसंच केलं. आवळताना कुठंतरी 'कट्' असा कोरडा आवाज झाला आणि हँडल बोटभर हललं. नंतर मागंपुढं करत, तेल सोडत, बोटाबोटानं रस्ता मोकळा केला. सरकता जबडा बाहेर आला तेव्हा त्याच्या पोटात सुताचा कोंडा आणि ग्रीस यांचा घट्ट लगदा सापडला. मागाच्या शेडमध्ये उडणारी सगळी धूळ त्या व्हाइसनं खाल्ली होती. एका अर्थी त्याचं भलंच झालं, कारण ग्रीसमध्ये भिजलेल्या त्या कोंड्याखालचं बीड जवळजवळ कोरं राहिलं होतं.

गंज काढायला आमच्याकडं उत्तम आणि जवळजवळ फुकट अशी एक गोष्ट आहे, आणि तिचा वापर फार थोडे लोक करतात: मळी. साखर कारखान्यातून निघणारी काळी, चिकट मळी. मोठ्या प्रमाणात ती अशी उचलून आणता येत नाही, तिच्यावर उत्पादन शुल्काचं नियंत्रण असतं. पण जनावरांच्या खुराकात घालायला म्हणून दूध-धंदेवाल्यांकडं डबाभर असते. आमच्या गल्लीच्या मागं म्हशींचा गोठा आहे, तिथून आणली. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात. त्यात तारेनं टांगून सगळे लोखंडी भाग बुडवायचे आणि झाकण टाकून विसरून जायचं. मळीतले काही घटक गंजातल्या लोखंडाला धरतात आणि विरघळवून ओढून घेतात, त्याच वेळी खालच्या धडधाकट लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. ॲसिडमध्ये हे होत नाही. ॲसिड गंजाबरोबर लोखंडही खातं, आणि भोकाभोकांत राहिलेलं ॲसिड पुढं कित्येक दिवस आपलं काम करत बसतं.

बॅटरी चार्जर आणि धुण्याचा सोडा घालून विजेनं गंज काढायची पद्धतही चांगली आहे, ती मी लहान भागांना वापरतो. एक काळजी मात्र घ्यावी: त्यात दुसरं टोक म्हणून स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही लावू नये. त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो. साधं लोखंड लावावं, चार्जरचं ऋण टोक आपल्या वस्तूला जोडावं, आणि हायड्रोजन सुटतो म्हणून उघड्यावर करावं. पण तीस किलोच्या ओतीव अंगाला सगळीकडून सारखी वीज पोहोचवणं जिकिरीचं. मळीला कुठला कोपरा वर्ज्य नाही.

मळी आंबते. वर फेस येतो, उन्हाळ्यात वास बराच लांब जातो, माश्या जमतात, म्हणून पिंप शेडच्या मागं, झाकणावर दगड ठेवून. काही आठवडे लागतात. मी मधून मधून एक भाग उचलून बघतो. ओतीव अंग गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये, कारण बीडाच्या मशीन केलेल्या भागावर हळूहळू काळा, मऊ थर येऊ लागतो. बाहेर काढून पाण्याचा जोराचा फवारा मारला की काळं पाणी वाहतं आणि खाली राखाडी, कोरं बीड दिसतं. तो क्षण फार आनंदाचा असतो, पण बघत उभं राहायला सवड नसते. पाच-दहा मिनिटांत त्यावर तांबूस झाक यायला लागते. लगेच कापडानं पुसून, उन्हात किंवा हॉट एअर गननं वाळवून, तेलाचा हात मारायचा.

धुऊन निघालेल्या अंगावर खुणा दिसल्या. सरकेच्या पाठीवर हातोडीचे गोल वण, जबड्याच्या कडेला ड्रिल उतरल्याचे दोन खड्डे, एका बाजूला हॅक्सॉचे उथळ ओरखडे. काही जण असे खड्डे भरून, पुट्टी लावून, घासून, आरशासारखं करतात. मी ते केलं नाही आणि करणारही नाही. ज्या खुणांनी पकडीत काही फरक पडत नाही त्या राहू द्याव्यात. वेळ आणि पैसा लावायचा तो तीन ठिकाणी: नट, जबड्याच्या प्लेटा आणि टेबलावरची बैठक. व्हाइस धरतो तो या तिघांच्या जोरावर.

नटाची अवस्था वाईट होती. स्क्रू सव्वा इंची, चौकोनी आटे, इंचाला चार. म्हणजे पिच (एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर) ६.३५ मिलिमीटर आणि आट्याची जाडी त्याच्या निम्मी, ३.१७५. स्क्रूवरचे आटे टोकाकडं, जिथं नट क्वचितच पोचतो तिथं, पूर्ण जाडीचे होते, आणि पुढच्या भागात, जिथं रोजचं काम चालतं तिथं, थोडे झिजलेले. एवढी झीज चालते. व्हाइसचा स्क्रू नेहमी एकाच बाजूला ताण घेतो, त्यामुळं सैलपणा आला तर हँडलची थोडी मोकळी फेरी जास्त जाते, पकड कमी होत नाही. पण नटाच्या आत टॉर्च मारला तर आट्यांची पाती झाली होती, दोन ठिकाणी तुटलेली. असा नट एखाद्या दिवशी जोर लावताना सुटतो आणि हातातलं काम पायावर पडतं.

नवा नट ओतून घेण्यापेक्षा जुन्याच नटाचं पोट बोअर करून त्यात गनमेटलचा बुश बसवला. नटाची भिंत जाड होती म्हणून जमलं. गनमेटलमध्ये तांबं जास्त, सोबत कथील आणि थोडं जस्त. पोलादी स्क्रूवर ते गुळगुळीत चालतं आणि झिजायचं झालं तर आधी स्वतः झिजतं, स्क्रूला खात नाही. बुश हा बदलता येतो, स्क्रू नव्यानं करणं खर्चाचं. बुशला मागच्या बाजूला कॉलर ठेवली. जबडा आवळताना स्क्रू नटाला पुढं, हँडलच्या दिशेला ओढतो. कॉलर मागं असली की तो ओढा कॉलरवर येतो आणि बुश घरातून उपसून येऊ शकत नाही. फिरू नये म्हणून एक ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा स्क्रू, तोही अर्धा बुशात अर्धा नटात.

आतले चौकोनी आटे काढणं हे सावकाशीचं काम. बोअर एक इंच, टूलची रुंदी ३.२ मिलिमीटर, आणि टूल लांबून आत जाणारं, म्हणून लवचिक. जास्त काप दिला की ते मागं ढकललं जातं आणि आटा निमुळता होतो. केसभर काप, मग त्याच मापावर पुन्हा एकदा रिकामी फेरी. माझ्या लेथचा लीडस्क्रू, म्हणजे टूल पुढं सरकवणारा लांब स्क्रूही इंचाला चार आट्यांचा आहे, त्यामुळं त्याला पकडणारा अर्धनट कुठंही टाकला तरी टूल बरोबर त्याच खाचेत पडतं. जुन्या देशी लेथची ही सोय अशा वेळी कळते. शेवटी स्क्रूला तेल लावून हातानं घातला तेव्हा तो एकाही ठिकाणी न अडखळता आत गेला. अण्णांनी उठून येऊन स्वतः फिरवून बघितला. काही बोलले नाहीत, दोनदा पूर्ण आत-बाहेर केला आणि जाऊन बसले.

जबड्याच्या प्लेटा सगळ्यात हट्टी निघाल्या. खाचेचे काउंटरसंक (डोकं प्लेटेत बुडणारे) स्क्रू, वरून कित्येक वर्षं कानशीचा मार खाऊन सपाट झालेले. ठोक्याच्या स्क्रू-ड्रायव्हरनं दोन निघाले. उरलेल्या दोघांना मधोमध ड्रिल मारून डोकी उडवली, प्लेटा काढल्या, आणि मग बाहेर राहिलेली बुडं पान्हा-पकडीनं फिरवली. आटे तीन अष्टमांश इंची व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे, इंचाला सोळा. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश असतो, आणि बाजारात यूएनसी (अमेरिकी माप) म्हणून मिळणारा त्याच मापाचा, तेवढ्याच आट्यांचा स्क्रू ६० अंशांचा. तो जातो, धरतो असं वाटतंही, पण आट्यांच्या अंगाला पूर्ण टेकत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शोधलं तर व्हिटवर्थ अजून मिळतात. तेच आणावेत.

जुन्या प्लेटांच्या खाचा मधल्या भागात गुळगुळीत झाल्या होत्या. नव्या ईएन-८ या मध्यम कर्बाच्या पोलादाच्या केल्या, बारा मिलिमीटर जाड. पण त्या बसवायच्या आधी बीडावरची त्यांची बैठक तपासली. प्लेटेच्या मागं ठसा बघायचा निळा रंग पातळ पुसून दाबून बघितलं तर उजव्या बाजूचाच ठसा उमटत होता. डावीकडं प्लेट हवेत. प्लेट अशी अधांतरी असली तर स्क्रूच तिला धरून ठेवतात, आणि जोर आला की आधी तेच जातात. सपाट कानशीनं, मग स्क्रेपरनं, ठसा सगळीकडं यायला लागेपर्यंत बैठक उतरवली. एका बाजूला असं सहा इंच बीड हातानं सपाट करणं म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस वाया गेला असं मला एकदाही वाटलं नाही.

जबडे वरच्या कडेनं आधी टेकले पाहिजेत. व्हाइस मोकळा मिटवला की वरची कड लागलेली आणि खाली कागद जाईल एवढी फट, अशी ठेवण हवी. काम वर धरलेलं असतं आणि स्क्रू खाली असतो, त्यामुळं आवळताना सरकता जबडा मागं कलतो. आधीपासून सगळीकडं टेकणारे जबडे आवळल्यावर वरून उघडतात आणि पातळ काम वर उचललं जातं. पातळ कागदाच्या चार पट्ट्या चार कोपऱ्यांत धरून हलकं मिटवायचं आणि एकेक ओढून बघायचं. वरच्या दोन घट्ट, खालच्या दोन सुटणाऱ्या, आणि डावी-उजवी सारखी, असं जमेपर्यंत मी मागून घासत राहिलो.

खाचा तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या, शेपर या कापायच्या यंत्रावर घेतल्या. मग पाणी दिलं, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक केल्या. लाल करून चुंबक लावून बघायचं, चुंबक धरायचं थांबलं की अजून थोडं तापवून तेलात सोडायचं. तेलात टाकताना प्लेट उभी, आडवी टाकली की वाकते. नंतर पाणी उतरवून, म्हणजे पुन्हा हलकं तापवून, पिवळसर गवती रंगावर आणल्या. नुसतं कडक ठेवलं तर खाचांची टोकं काचेसारखी उडतात.

कानाच्या तड्याला पितळी वेल्डिंग केलं. साध्या रॉडनं वेल्ड केलं की बीड तिथं एकदम गार होतं, जोडाशेजारी पांढरं, ठिसूळ बीड तयार होतं आणि जोडालगत नवा तडा जातो. पितळी सळी बीड वितळायच्या बऱ्याच आधी वाहते, सगळं अंगच कमी तापवावं लागतं. तड्याला व्ही आकाराची खोबण घेतली. ग्राइंडर मारल्यावर ग्रॅफाइट पसरून पृष्ठभाग काळपट, निसरडा होतो आणि पितळ त्याला धरत नाही, म्हणून जास्त ऑक्सिजनच्या ज्योतीनं तो एकदा भाजून घेतला. सगळा कान आधी तापवला, जोडला, आणि चुलीच्या राखेत पुरून रात्रभर ठेवला. सकाळी काढला तेव्हाही कोमट होता.

रंगाचं थोडक्यात. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून कोरडं घासू नका, भिजवून खरवडा, मास्क लावा. वर रेड ऑक्साइड आणि दोन हात निळा इनॅमल. सरक, स्क्रू, प्लेटांच्या बैठका यांना रंग नाही. तिथं ग्रीस आणि तेल.

बसवण्याबद्दल मात्र जास्त लिहायला हवं, कारण चांगले व्हाइस चुकीच्या उंचीवर बसवलेले मी जागोजागी बघतो. सरळ उभं राहून मूठ हनुवटीखाली धरा. त्या हाताचं कोपर जबड्याच्या वरच्या कडेला टेकलं पाहिजे. आयटीआयमध्ये हेच शिकवतात. व्हाइस खाली असेल तर कमरेत वाकून कानस चालते आणि संध्याकाळी पाठ उठत नाही. वर असेल तर खांदे उचलले जातात आणि कानस टोकाला खाली झुकते. मी उंच आहे, म्हणून बाभळीच्या फळीखाली अजून एक फळी घालावी लागली. स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित पुढं यायला हवा, म्हणजे लांब शाफ्ट उभा धरला तरी तो टेबलाला न अडता जमिनीपर्यंत सरळ जातो. टेबलाचा पाय बरोबर व्हाइसखाली. चार अर्धा इंची बोल्ट आरपार, खाली फळीला लोखंडी पट्टी, आणि आवळायच्या आधी चारी कान फळीला नीट टेकलेत की नाही ते पातळ पत्री घालून तपासलं. तो जुना तडा परत पडू द्यायचा नव्हता.

शेडमध्ये अधूनमधून शिकाऊ मुलं येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगतो. हँडलला पाइप लावायचा नाही. हँडलची लांबी बनवणाऱ्यानं त्या स्क्रूला आणि त्या मानेला झेपेल एवढीच ठेवलेली असते. आणि ठोकायचं तर स्थिर जबड्याच्या दिशेनं, सरकेवर नाही. लोहाराचा पायाचा व्हाइस असतो तो घडीव, त्याचा पाय जमिनीला टेकलेला, तो घणाचा मार सोसतो. हा बीडाचा आहे. पितळ, ॲल्युमिनियम किंवा आटे असलेलं काम धरताना जबड्यांवर तांब्याच्या पत्र्याच्या टोप्या घालायच्या, त्या शेजारीच खिळ्याला टांगलेल्या आहेत.

पहिलं काम मागाच्या एका बॉटम शाफ्टचं, म्हणजे खालच्या दांड्याचं आलं. चावीची खाच पसरट झाली होती, ती भरून घेऊन पुन्हा कानशीनं चौकोनी करायची होती. शाफ्ट व्ही-ब्लॉक मध्ये घालून धरला आणि दोन बोटांनी हँडल शेवटचं पाव फिरवलं. बास्टर्ड (भरड दातांच्या) कानशीनं भरीव काप घेताना शाफ्ट सूतभरही सरकला नाही, आणि स्मूथ कानशीच्या वेळी गुण्या लावला तेव्हा खाचेच्या दोन्ही भिंती काटकोनात होत्या. शाफ्टचा मालक घ्यायला आला, त्यानं व्हाइसकडं बघून विचारलं की हा कुठनं आणला. सांगितलं. त्याच्या बंद पडलेल्या शेडमध्येही एक आहे म्हणे, पाच इंची, हँडल तुटलेला. रविवारी बघायला जाणार आहे. नट आणि मान ठीक असेल तर तो आमच्या गावातल्या आयटीआयच्या एका मुलाला द्यायचा असं ठरलंय. पुढच्या वर्षी पास होऊन त्याला स्वतःचं दुकान टाकायचंय. प्लेटा आणि हँडल त्यानं स्वतः करायचे, मी फक्त शेजारी उभा राहणार.